गाईचं मलम

आधी चरबी. मेंढीची, गुर्द्याभोवतीची, पांढरी.
बारीक चिरून मंद आचेवर ठेवायची.
घाई केली की करपते,
मग हिवाळाभर तोंडाला खानावळीचा वास.
हे मी तुला सांगत नाहीये, कॅर्ट.
तू ऐकणार नाहीस, ठाऊक आहे.
मी पातेल्याशी बोलतेय.

काल शेवटच्या फेरीबोटीनं आलीस तालिनहून,
पिशवीत सहा काचेच्या बाटल्या.
एक डोळ्यांखाली लावायची. एक रात्रीची.
एक रात्रीच्या आधीची.
मी विचारलं, संध्याकाळची विसरलीस का?
तू हसली नाहीस.
ओठ उलले होते तुझे,
हसलीस तर रक्त आलं असतं,
अशी मी माझी समजूत घातली.

चरबी फडक्यातून गाळायची.
मग तेल. त्यात कॅलेंडुलाची फुलं मुरलेली,
ऑगस्टमध्ये खुडून सावलीत वाळवलेली,
दोन दिवस स्टोव्हच्या कडेला, उकळी न येता.
मेण शेजारच्या एंडेलचं.
यंदा त्याची दोनच पोळी तगली,
तरी मूठभर आणून पायरीवर ठेवून गेला.
हिल्या गेल्यापासून तो कुणाचाच उंबरा ओलांडत नाही.
त्याच्या हातांच्या भेगांत
कोळशाची काळी रेघ बसलीय, धुऊन न जाणारी.
त्याची डबी वेगळी काढते मी.

मेण किती?
याला माप नाही.
खिडकीच्या काचेवर आतून एक थेंब टाकायचा,
बाहेर उणे सोळा.
गोठला की अंगठ्यानं दाबायचा.
टिचला, तर तेल.
ओघळला, तर मेण.
लोण्यासारखा मुकाट्यानं अंगठ्यात जिरला
तर थांबायचं.
पाण्याचा टिपूसही नको, बुरशी धरते.
आणि निवेस्तोवर ढवळत राहायचं,
नाहीतर रवाळ होतं, गालावर वाळू घासल्यासारखं.
हात भरून येतो. येऊ दे.

हेरिंगच्या जुन्या डब्यात ओतते.
झाकणावरच्या माशाचं आता शेपूटच उरलंय.

पहिला मान पुनिकचा. थंडीनं सड तडकतात तिचे.
मग माझे हात, उरलंसुरलं टाचांना.
तू लहान होतीस तेव्हा
पुनिकच्या आजीनंतर नंबर तुझ्या गालांचा.
शाळेत पोरी तुला 'कास' म्हणायच्या.
हे तू वीस वर्षांनी सांगितलंस,
फोनवर, वीजबिलाबद्दल बोलता बोलता.
मी म्हटलं, बिल भरलंय.

वास येतो, खरंय.
मेंढीचा, मधाचा, थोडा धुराचा.
तुझ्या बाटल्यांना कसलाच नाही.
तेच तर चांगलं, म्हणालीस,
आणि बाही मनगटाखाली ओढलीस.
पण मला दिसलं होतं.
बोटांची पेरं सोललेली, लाल.
दिवसभर दुकानात दुसऱ्यांच्या हातांना क्रीम लावतेस,
दर गिऱ्हाईकानंतर स्पिरिटनं हात धुतेस.
हातच्या भेगांना आरसा कशाला?

रात्री दोनला स्वयंपाकघरात झाकण वाजलं.
ते एका दमात उघडत नाही, दोनदा कुरकुरतं.
मी उठले नाही.
म्हटलं, उंदीर असेल.
झाकण परत लावून जाणारे उंदीर आहेत आमच्याकडे.

पहाटे तू म्हणालीस, आज धार मी काढते.
नऊ वर्षांनी.
मी गोठ्याच्या दारात उभी राहिले, बादली सावरायला.
पुनिक परक्या हाताला लाथ घालते,
पशुवैद्याचा गुडघा विचारून बघ.
तिनं मान वळवली. तुझी बोटं हुंगली,
खरबरीत जिभेनं एकदा चाटली
आणि पान्हा सोडला.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.
कपाळ तिच्या कुशीला टेकवून,
बादलीतल्या फेसाकडे बघत म्हणालीस:
"या खेपेला मेण जरा जास्त झालंय, आई."